३० फुटांचं पाकीट: डी अँड डीमध्ये हालचाल मोजायची कशी?

आज ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे आपलं लाडकं डी अँड डी. विषय आहे हालचाल. ऐकायला एकदम बोअर, मान्य. पण याच नियमापायी माझ्या हातून एक कॅरेक्टर मेलं. माझं नाही, मित्राचं. चार महिने खेळलेलं.

प्रसंग सांगतो. माझा फायटर जमिनीवर आडवा पडलेला. मागे अगदी चिकटून एक गॉब्लिन. समोर चार घरं सोडून मित्राचा रोग (आजार नव्हे हो, चोर-लफंगा टाइपचं कॅरेक्टर!) शून्य हिट पॉइंट्सवर बेशुद्ध. मधल्या दोन घरांत चिखल. माझ्याकडे बरं करणारं औषध, हीलिंग पोशन. आणि मित्राचे दोन डेथ सेव्ह आधीच फेल. तिसरा गेला की खेळ खल्लास.

मी जोशात म्हणालो, “मी उठतो आणि धावत जातो त्याच्याकडे!” डीएमने विचारलं, “डॅश करतोस?” मी म्हटलं, “हो!” पोचलोसुद्धा. म्हटलं, “आता औषध पाजतो.” डीएम म्हणाला, “तुझी ॲक्शन संपली.” पुढच्या टर्नला मित्राने वीस बाजूंचा फासा टाकला. १० किंवा जास्त हवे होते. आले ७.

तर आज शिकू, त्या टर्नला मी काय करायला हवं होतं. मी सांगतोय ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम. २०२४ च्या नव्या पुस्तकात एक मोठा फरक आहे, तो शेवटी.

पाकीट आणि खर्च

लढाईतला एक राउंड म्हणजे सहा सेकंद. माणसाचा स्पीड ३० फूट. म्हणजे सहा सेकंदांत साधारण नऊ मीटर, ताशी साडेपाच किलोमीटर. हे धावणं नाहीच, जरा भरभर चालणं आहे. ड्वार्फ आणि हाफलिंगचा स्पीड २५, वुड एल्फचा ३५.

मॅपवर खेळताना एक घर म्हणजे ५ फूट. ३० फूट म्हणजे सहा घरं. इथे बरेच नवे खेळाडू थांबतात: सहा घरं सरकलो, झालं. पण स्पीड म्हणजे सोंगटी किती घरं पुढे न्यायची तो आकडा नाही. ते पाकीट आहे. दर टर्नला त्यात ३० फूट भरून मिळतात आणि प्रत्येक गोष्टीला त्यातून पैसे जातात. उरलेले पुढच्या टर्नला मिळत नाहीत. वापरा नाहीतर सोडा.

दरपत्रक असं:

- साध्या जमिनीवर एक घर: ५ फूट.
- चिखल, दाट झुडपं, ढिगारा अशा अवघड जमिनीवर एक घर: १० फूट.
- रांगणं, पोहणं, चढणं: प्रत्येक घराला १० फूट. तीही जागा अवघड असेल तर १५.
- पडलेल्या अवस्थेतून उठणं: स्पीडच्या निम्मे. आपल्यासाठी १५ फूट.
- स्वतःहून आडवं पडणं: फुकट!
- उडी: जितके फूट हवेत, तितके पाकिटातून. दहा फूट पळत येऊन मारली तर स्ट्रेंग्थच्या आकड्याइतके फूट लांब, जागेवरून मारली तर निम्मी.

आणि हा खर्च एकदम करायची सक्ती नाही. १० फूट जा, वार करा, उरलेल्या २० फुटांत खांबाआड लपा. चालतं.

आता माझा हिशेब

उठायला १५. उरले १५. रोग चार घरं लांब, पण औषध पाजायला त्याच्या शेजारच्या घरात पोचलं तरी पुरे, म्हणजे तीन घरं. सरळ गेलो तर चिखलाची दोन घरं १० आणि १० ची, तिसरं ५ चं. झाले २५. पाकिटात १५. म्हणूनच मी घाबरून डॅश म्हणालो होतो.

पण मॅप नीट बघा. ग्रिडच्या नियमात तिरकं घरही ५ फुटांचंच. पहिलं घर तिरकं टाकायचं, म्हणजे चिखलाच्या बाजूच्या कोरड्या ओळीत. मग दोन घरं सरळ. झाले १५! आणि तिथून रोग कोपऱ्याला कोपरा लावून शेजारीच. ॲक्शन अख्खी शिल्लक, औषध पाजून मोकळा. (तिरकं जाताना एकच अट: भिंतीचा कोपरा कापून जाता येत नाही. इथे भिंत नव्हतीच.)

मग रांगत का नाही? तीन घरं, प्रत्येकी १०, खर्च तेवढाच ३०. पण आडव्या माणसावर जवळून वार करणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे तो दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो. मागे गॉब्लिन असताना उठलेलंच बरं.

खरी किंमत फुटांत नसते

त्या गॉब्लिनचं काय? शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून तुम्ही बाहेर पडलात, की जाता जाता तो तुमच्यावर एक वार करू शकतो. हा अपॉर्च्युनिटी अटॅक. लक्षात घ्या, त्याच्या शेजारी उठलात तर वार नाही, त्याच्याभोवती टप्प्यातच फिरलात तरी नाही. टप्पा सोडला की वार. तुम्हाला कुणी ढकलून बाहेर काढलं असेल तर मात्र नाही, कारण तुम्ही स्वतः हललेलाच नसता.

हा वार टाळायला डिसएंगेज आहे. पण डॅशसारखीच तीही ॲक्शन. मग पुन्हा औषध पाजायला ॲक्शन नाही.

म्हणजे एकच रस्ता उरतो: वार अंगावर घ्यायचा. किंवा मदत मागायची. गॉब्लिनकडे त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत एकच रिअ‍ॅक्शन असते, आणि हा वार त्या रिअ‍ॅक्शनमधून येतो. माझ्या आधी आमच्या पार्टीतली जाड चिलखतवाली क्लेरिक त्याच्यासमोरून मुद्दाम निघून गेली असती आणि त्याने तिच्यावर वार केला असता, तर मी आरामात सुटलो असतो. टेबलावर कुणी सुचवलंच नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

नवं पुस्तक असेल तर?

२०२४ च्या नियमांत हीलिंग पोशन स्वतः पिणं किंवा शेजारच्याला पाजणं ही बोनस ॲक्शन झाली. म्हणजे मी डिसएंगेज करून, एकही वार न खाता जाऊन पाजू शकलो असतो. अगदी डॅश केलं असतं तरी रोग वाचला असता! म्हणून नव्या ग्रुपमध्ये बसलात की पहिला प्रश्न: आपण कुठल्या पुस्तकाने खेळतोय?

आणि दुसरी सवय. “मी धावतो” असं बोलू नका. आपल्या बोलण्यात धावणं म्हणजे नुसती घाई, खेळात ती अख्खी ॲक्शन. त्याऐवजी डीएमला सांगा, “मला त्याच्यापर्यंत पोचून औषध पाजायचंय. किती फूट लागतील?” आधी हेतू सांगा, मग फूट मोजा, सोंगटी सगळ्यात शेवटी उचला.

त्या मित्राने नंतर नवं कॅरेक्टर बनवलं. या वेळी हीलर. म्हणाला, “तुझ्या भरवशावर नको राहायला.” बरोबरच आहे त्याचं!

चला, भेटू पुढच्या भागात. फासे सांभाळा, घरं मोजा.