हिरवं घर, पण काम कुणाचं?

आपलं इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छ शहरांच्या यादीत पहिलं आलं. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना सराफा दाखवतो, छप्पन दुकान दाखवतो आणि सकाळी दारात येणारी कचरागाडीही तितक्याच कौतुकाने दाखवतो. कौतुक योग्यच आहे. पण स्वच्छ घर आणि पर्यावरणावर कमी भार टाकणारं घर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लखलखीत घरातही चार जुने पंखे दिवसभर नको तेवढी वीज खात असतात आणि गच्चीवरची टाकी भरून खाली रस्त्यापर्यंत पाणी वाहत असतं. त्यासाठी कोणी गुण कापत नाही, म्हणून लक्षही जात नाही.

आमचं घर पाच जणांचं. आई-बाबा, आम्ही दोघं आणि पहिलीतली मुलगी. गेल्या वर्षी घरात 'हिरव्या' सवयी लावायच्या असं ठरलं आणि मोबाइलवरून सूचनांचा पाऊस पडला. ओल्या कचऱ्याचं खत करा, भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घाला, टिश्यूऐवजी सुती फडकी वापरा, घरीच भांड्यांचा साबण बनवा. यादी वाचून झाल्यावर आईने शांतपणे विचारलं, "म्हणजे पर्यावरण तुझं आणि काम माझं?"

आईचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. यादीतली दहापैकी आठ कामं स्वयंपाकघरातली होती, म्हणजे तिची किंवा माझ्या पत्नीची. पत्नी शाळेत शिकवते, तिचाही दिवस सकाळी साडेपाचला सुरू होतो. आईचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून आम्ही ठरवलं की प्रत्येक उपायाला दोन प्रश्न विचारायचे. याने नक्की किती वाचतं? आणि हे रोज कोण करणार?

आधी मोजणी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅम हळू चालत असेल तर अंदाजाने दुरुस्तीला लागायचं नाही. वेळ कुठे जातो ते आधी मोजायचं. बहुतेक वेळा सगळा वेळ दोन-तीन ठिकाणीच जात असतो. घराचंही तसंच निघालं.

मोजणीचं काम बाबांनी घेतलं. रोज सकाळी सातला मीटरचा आकडा वहीत लिहायचा. बँकेत नोकरी केलेला माणूस, एक दिवस चुकला नाही. सॉकेटमध्ये लावायचं एक छोटं मीटर मिळतं, ते आणून आम्ही एकेका उपकरणाची वीज तपासली. आपल्या बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॉटचं उपकरण तासभर चालणं, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमतो.

मोबाइलचा चार्जर भिंतीवर लावून ठेवू नये, असं आपण सारखं ऐकतो. रिकामा चार्जर साधारण ०.२ वॉट खातो. वर्षभर तसाच राहिला तरी पावणेदोन युनिट. आता पंखा बघा. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. चार पंखे, रोज बारा तास आणि आपल्याकडचे पंख्याचे आठ महिने धरले तर पंखे बदलून वर्षाला पाचशेहून जास्त युनिट वाचतात. म्हणजे जवळजवळ तीनशे चार्जर! आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने हे वर्षाला साडेतीनशे किलो होतात.

नव्या पंख्याची किंमत साधारण तीन हजार. चारही पंख्यांचा खर्च आमच्या दराने साडेतीन वर्षांत वसूल होतो. एकदम जमत नसेल तर ज्या खोलीत पंखा सर्वांत जास्त चालतो तिथून सुरुवात करावी. आणि मुख्य म्हणजे, एकदा बसवला की त्यासाठी रोज कुणाला काही करावं लागत नाही.

एकदाच करायची कामं

हा दुसरा मुद्दा आम्हाला फार उपयोगी पडला. यादीतले उपाय आम्ही दोन भागांत वाटले. एकदा करून सुटणारे आणि रोज करावे लागणारे. एकदाची कामं आधी उरकली. आमच्या घरात झाली ती अशी.

एसी २५ अंशांवर आणि सोबत मंद पंखा. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलचे खोलीतले एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर लागतील, असा नियम सरकारने केला आहे. तापमान एका अंशाने वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. आम्ही आधी २२ वर झोपायचो.

सेट-टॉप बॉक्सला वेगळं बटण. टीव्ही रिमोटने बंद केला तरी बॉक्स चालूच असतो. आमचा दहा वॉट घेत होता. वीस तास नुसताच चालला तर वर्षाचे सत्तरहून जास्त युनिट होतात. हात पोचेल असा एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि रात्री बटण बंद करणं मुलीकडे दिलं. ती विसरत नाही, उलट आजोबांना बातम्या संपायच्या आत उठवते.

टाकीला तरंगता स्विच. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. खालची टाकी भरायची, मोटर लावून वर चढवायचं आणि मग फोनवर बोलता बोलता मोटर विसरायची, हे इंदुरात घरोघरी चालतं. पाणी वर पोचलं की मोटर आपोआप बंद करणारा स्विच काही शे रुपयांत बसतो.

नळांना एरेटर. नळाच्या तोंडाशी बसणारी ही छोटी जाळी पाण्यात हवा मिसळते. धार तेवढीच वाटते, पाणी मात्र निम्म्याच्या आसपास लागतं. बेसिनच्या आणि स्वयंपाकघरातल्या नळांना बसवायला मला रविवारची अर्धी सकाळ पुरली.

पाणी म्हणजे वीजच

पाण्यावर एवढा जोर का, ते सांगतो. आपल्या शहराचं बहुतेक पाणी नर्मदेचं. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर प्रवास करून येतं. नुसतं लांबून येतं एवढंच नाही, ते चढून येतं. तिथे नर्मदेचं पात्र समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आहे आणि इंदूर साडेपाचशेच्या आसपास. मध्ये विंध्याचा घाट.

हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, पंपात काहीच वाया जात नाही असं धरलं तरी, १.१ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात पंपाची आणि पाइपची घट असते, घाटही शहराहून उंच आहे, त्यामुळे आकडा बराच वर जातो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी असं मानक आहे. आमच्यासारख्या पाच जणांच्या घराला महिन्याला वीस हजार लिटर लागतात, म्हणजे निदान बावीस युनिट. हे युनिट आपल्या बिलात दिसत नाहीत, पण कुठेतरी जळतातच. हा खर्च शहराला किती जड जातो ते यावरून कळेल की २०२३ च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी हरित रोखे विकून २४४ कोटी रुपये उभे केले.

गरम पाण्याचा हिशेब आणखी बोलका आहे. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर वीज लागते. दहा मिनिटांच्या शॉवरला ऐंशी लिटर गेले तर जवळपास दोन युनिट. हिवाळ्यात एका माणसाच्या बादलीने आणि शॉवरने पडणारा रोजचा फरक एवढा मोठा आहे. बादलीने अंघोळ करण्यात कुणाचं काही कामही वाढत नाही.

ओल्या कचऱ्याचं काय?

खताचा डबा आम्ही आणला नाही आणि त्याचं कारण सांगायला हवं. ओला कचरा ढिगात हवेशिवाय कुजला की मिथेन निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून तो वेगळा करणं अत्यावश्यक आहे. पण आपल्याकडे देवगुराडियाला २०२२ च्या फेब्रुवारीपासून रोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प आहे. त्यातून बायो-सीएनजी निघतो, त्यावर शहराच्या बस चालतात आणि खतही तयार होतं. आपण घरी फक्त एवढं करायचं की ओल्या डब्यात प्लास्टिक जाऊ द्यायचं नाही. भाजीची सालं पिशवीत गाठ मारून टाकली की सगळी मेहनत वाया गेली.

ज्यांना बागेची हौस आहे, जागा आहे, त्यांनी खत जरूर करावं. आमच्या वाडीतल्या एका काकांच्या कुंड्या त्यावरच बहरल्या आहेत. पण जिथे गाडी वेळेवर येते आणि पुढची सोय नीट आहे, तिथे गुडघे दुखणाऱ्या बाईने केवळ कर्तव्य म्हणून डबा ढवळत बसायची गरज नाही. ज्या गावात अशी सोय नाही तिथे मात्र हिशेब उलटा होतो. तिथे खताचा डबा यादीत सर्वांत वर हवा आणि तो ढवळायची पाळी सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी.

मोजणी करताना आणखी एक गोष्ट दिसली. आईच्या कामाच्या पद्धतीत सुधारायला फारसं काही नव्हतंच. डाळ आधी भिजवणं, कुकरमध्ये वरण-भात-बटाटे एकावर एक लावणं, शिट्टी झाल्यावर आच मंद करणं, दळणाला डबा नेणं, जुन्या साड्यांची गोधडी शिवणं, हे ती चाळीस वर्षं करते आहे. त्याला हिरवं जीवन म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं श्रेयही दिलं नव्हतं. उधळपट्टी पंख्यांत, एसीत, मोटरमध्ये होती, म्हणजे जी उपकरणं विकत आणताना घरातल्या पुरुषांचं मत चालतं तिथेच.

रोजची जी कामं उरली, त्यांच्यापुढे आम्ही नावं लिहिली. दही-पनीरला स्टीलचा डबा आणि किराण्याला कापडी पिशव्या नेणं माझ्याकडे. आरओमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशीसाठी ठेवणं पत्नीने आणि मी दिवसाआड वाटून घेतलं. मीटर बाबांकडे, बटणं मुलीकडे. आईच्या नावापुढे नवीन काहीच नाही.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात आमचं बिल ४१२ युनिटचं होतं. या मे महिन्यात ते २९८ युनिटचं आलं. त्यात पंख्यांचा वाटा सर्वांत मोठा, मग एसीचा, बाकी सगळं किरकोळ. आता गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विचार चालू आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि एक किलोवॉट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. पण वापर आधी कमी केला म्हणून आता लहान पॅनेल पुरेल, हाही एक फायदाच.

मंडळासाठी एक सूचना

जाता जाता आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांविषयी. हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या-चाळण्या वाण म्हणून वाटण्याऐवजी घरात खरंच लागणारी वस्तू द्यावी. वाती, साबण, तिळगुळाच्या वड्या, काहीही चालेल. आणि गणेशोत्सवाच्या जेवणाला एकदाच वापरून फेकायच्या ताटल्यांऐवजी मंडळाची स्टीलची ताटं असावीत.

ही सूचना पूर्वीही आली आहे आणि दर वेळी 'धुणार कोण?' या प्रश्नाशी येऊन थांबली आहे. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर 'महिला विभाग बघेल' असं असेल तर ताटं न घेतलेलीच बरी. माझं म्हणणं असं की वर्गणीत माणशी दहा रुपये वाढवावेत, त्यातून भांडी घासणाऱ्या मावशींना योग्य मजुरी द्यावी आणि ताटं मोजून घेण्या-ठेवण्याची जबाबदारी आम्हा तिशी-चाळिशीतल्या पुरुषांनी घ्यावी. पहिल्या वर्षासाठी माझं नाव लिहून घ्या. आणखी चार जण हवे आहेत.