दुर्बिणीची पहिली रात्र

पहिल्या रात्री ग्रह सापडला नाही, की दुर्बीण पेटाऱ्यात जाते ती कायमचीच. म्हणून पालकांना आम्ही सांगतो, ‘किती पट’ यापेक्षा भिंगाचा व्यास पाहा. ७० मिलिमीटर व्यास पुष्कळ झाला. नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असल्यास २५ मिलिमीटरची नेत्रिका २८ पट मोठे दाखवते, १० मिलिमीटरची ७० पट. आरंभ २८ पटीनेच करावा. शोधक दुर्बीण दिवसाउजेडी बालाघाटाच्या डोंगरावरील दूरच्या झाडावर जुळवावी. सूर्याकडे मात्र कदापि रोखू नये. दिवसभर तापलेल्या पत्र्यांवरून पाहिल्यास गुरू थरथरतो, त्यापेक्षा मोकळा माळ बरा. गुरूशेजारी जवळजवळ एका रेषेत दिसणारे चार ठिपके म्हणजे १६१० साली गॅलिलिओने पाहिलेले उपग्रह. वहीत त्यांच्या जागा टिपाव्यात. दुसऱ्या रात्री त्या बदललेल्या असतात. कधी तीनच दिसतात, चौथा गुरूआड गेलेला असतो.