‘डोकं नाही’ म्हणण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आपल्या कुरखेड्यात घरोघरी एक हिशेब मांडला जातो. कोणाला पुढे शिकवायचे, कोणाला दुकानावर बसवायचे, कोणाला गॅरेजवर पाठवायचे आणि कोणत्या मुलीसाठी स्थळ पाहायला लागायचे. गडचिरोली जिल्ह्याच्या या जंगलपट्ट्यात पैसा मोजका आणि अंतरे लांब. चांगला क्लास हवा तर वडसा, गडचिरोली, नाहीतर थेट नागपूर गाठावे लागते. सगळ्या मुलांना सारखे शिकवणे प्रत्येक घराला जमत नाही, हे खरे. पण ही निवड बहुतेक वेळा एका वाक्यावर होते आणि ते वाक्य तपासून घेण्यासारखे आहे. ‘मोठ्याला डोकं आहे, धाकटीला नाही.’

कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपले जवळजवळ सारे आयुष्य या वाक्याच्या तपासणीत घालवले. डोके किती आहे हे मोजण्यापेक्षा, आपल्या डोक्याविषयी मुलाची जी समजूत होते तिचे पुढे काय परिणाम होतात, हे त्यांनी शोधले. त्यांचे काम प्रत्येक आई-वडिलांनी माहीत करून घ्यावे असे आहे. त्यातले यशही आणि त्याच्या मर्यादाही.

बुद्ध्यांकाप्रमाणे बाके

कॅरल ड्वेक यांचा जन्म 1946 चा, न्यूयॉर्कचा. ब्रुकलिन भागातल्या शाळेत त्या सहावीत असताना त्यांच्या बाईंनी मुलांना बुद्ध्यांकाच्या क्रमाने बसवले होते. फळा पुसणे, शाळेचा झेंडा धरणे असली मानाची कामे वरच्या क्रमांकाच्या मुलांनाच मिळत. ड्वेक पहिल्या बाकावर होत्या. पण त्या पुढे सांगत राहिल्या की, त्या बाकावर बसूनही शिकण्यातला आनंद मिळत नव्हता. पुढची परीक्षा बिघडली तर जागा जाईल, ही धास्तीच जास्त होती. म्हणजे शेवटच्या बाकावरचे मूल खचत होते आणि पहिल्या बाकावरचे घाबरत होते.

गंमत अशी की, बुद्धिमापनाची पहिली चाचणी ज्यांनी 1905 मध्ये तयार केली, त्या फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांचा हेतू अगदी वेगळा होता. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत मिळावी, यासाठी ती चाचणी होती. बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि ती वाढत नाही, हे मत बिने यांना मान्य नव्हते. मदतीसाठी काढलेले माप पुढे मुलांच्या कपाळावरचा शिक्का बनले.

अपयशानंतर काय?

ड्वेक यांनी 1967 मध्ये बर्नार्ड कॉलेजातून पदवी घेतली आणि 1972 मध्ये येल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. त्या काळात मानसशास्त्रात ‘शिकलेली हतबलता’ या विषयाची चर्चा होती. काही केले तरी त्रास चुकत नाही असा अनुभव वारंवार आला की, प्राणी सुटकेचा मार्ग समोर असूनही धडपड सोडून देतात, असे प्रयोगांत दिसले होते. ड्वेक यांनी हा प्रश्न वर्गात आणला. एकदा गणित चुकले की एक मूल पाटी बाजूला ठेवते आणि दुसरे पुन्हा हात घालते. असे का?

1975 मध्ये त्यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. अपयश आले की पार कोसळणारी बारा मुले त्यांनी निवडली. अर्ध्या मुलांना केवळ सोपी, हमखास जमणारी गणिते दिली, म्हणजे आत्मविश्वास वाढेल. उरलेल्यांना मधूनमधून न जमणारीही दिली आणि चुकल्यावर सांगितले की प्रयत्न कमी पडला. पुढे अवघड गणित समोर आले तेव्हा फक्त यश चाखलेली मुले पूर्वीसारखीच गळून गेली. दुसऱ्या गटातली मुले टिकून राहिली. लाड करून, सगळे सोपे करून देऊन मूल खंबीर होत नाही, हा त्याचा अर्थ.

पुढे इलिनॉय, हार्वर्ड आणि कोलंबिया अशा विद्यापीठांत त्यांनी हेच काम चालू ठेवले आणि 2004 मध्ये त्या स्टॅनफर्डला गेल्या. यातून त्यांनी मांडले की, माणसाच्या मनात बुद्धीविषयी साधारण दोन समजुती असतात. एक, बुद्धी ठरलेली आहे, जेवढी मिळाली तेवढीच. दुसरी, बुद्धी शिकण्याने, मेहनतीने आणि योग्य मदतीने वाढते. पहिली समजूत असणारे मूल प्रत्येक परीक्षेकडे कसोटी म्हणून पाहते. दुसरी समजूत असणारे मूल चुकीकडे माहिती म्हणून पाहते. 2006 मध्ये त्यांचे ‘माइंडसेट’ हे पुस्तक आले आणि हा शब्द जगभर पोहोचला.

शाबासकीचाही परिणाम

घरासाठी सर्वांत उपयोगी प्रयोग 1998 चा आहे. ड्वेक आणि त्यांच्या सहकारी क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. मग काहींना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, तर काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ अशी. फरक एवढाच. पुढचे काम निवडायला सांगितले तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी आपली हुशारी दिसेल असे सोपे काम घेतले. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांनी शिकायला मिळेल असे अवघड काम घेतले. नंतर सर्वांना कठीण कोडी देऊन अपयश चाखवले आणि पुन्हा सोपी दिली. पहिल्या गटाचे गुण घसरले, दुसऱ्याचे वाढले. दुसऱ्या शाळेतील मुलांना आपले गुण लिहून कळवा म्हटल्यावर तर हुशार म्हटलेल्या जवळपास 40 टक्के मुलांनी गुण वाढवून सांगितले. प्रेमाने दिलेली शाबासकी, पण तिने मुलांना खोटे बोलण्याच्या वाटेवर नेले.

नंतर काही संशोधकांनी हा प्रयोग इतरत्र करून पाहिला, तेव्हा प्रत्येक ठिकाणी इतका ठळक फरक दिसला नाही. हेही लक्षात ठेवायला हवे.

दावा किती, फायदा किती?

विचार गाजला तसा त्याचा बाजारही झाला. शाळांच्या भिंतींवर फलक लागले. ‘मेहनत कर, सगळे जमेल’ हा मंत्र झाला. तेव्हा स्वतः ड्वेक यांनीच 2015 मध्ये इशारा दिला की, कोरडे कौतुक म्हणजे हा विचार नव्हे. मूल चुकीच्या पद्धतीने रात्रभर घोकत असेल तर ‘वा, किती मेहनत!’ म्हणून काही मिळत नाही. पद्धत बदलायला शिकवावे लागते.

टीकाही झाली. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर अशा उपक्रमांचा गुणांवरचा परिणाम एकंदरीत फार लहान निघाला. इंग्लंडमध्ये 2019 च्या मोठ्या पाहणीत तर वेगळी प्रगती दिसलीच नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 12,000 मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभरापेक्षा कमी वेळाच्या एका धड्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि ज्या शाळांत वर्गमित्रही आव्हान घेणारे होते, तिथे फायदा जास्त झाला.

ही शेवटची गोष्ट आपल्या भागासाठी फार मोलाची आहे. समजूत बदलणे पुरेसे नाही, सभोवतालही तसा हवा. ज्या गावात पावसाळ्यात बस वेळेवर येत नाही, विज्ञानाचे शिक्षक पद रिकामे राहते, महुआ आणि तेंदूच्या हंगामात मुलांचेही हात कामाला लागतात, तिथल्या मुलाला ‘तुझी मानसिकताच खराब’ म्हणणे हा आणखी एक शिक्काच होईल.

आपल्याकडे आधीपासून

2012 मध्ये अनिता रत्तन, कृष्णा सावनी, एन. व्ही. आर. नायडू आणि ड्वेक यांनी अमेरिकन आणि भारतीय लोकांची तुलना केली. बहुतेक कोणीही माणूस अतिशय बुद्धिमान होऊ शकतो, हे मानण्याकडे भारतीयांचा कल अधिक दिसला. म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही.

मदरशात हिफ्ज करणारी मुले पाहा. रोज नवा सबक, त्यासोबत ताजी सबकी आणि मागचा आमुख्ता. उस्तादांनी चूक दाखवली की तेच पुन्हा. तिथे आधी बुद्ध्यांक कोणी विचारत नाही. रोजची ठरलेली पद्धत, चूक पकडणारा कान आणि वर्षानुवर्षांचा धीर, या तीन गोष्टींवर मूल हाफिज होते. मग तेच मूल इयत्ता आठवीच्या बीजगणितात अडले की आपण लगेच ‘याचं डोकं चालत नाही’ कसे म्हणतो?

घरात करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. ‘माशाअल्लाह, हुशार आहे’ एवढ्यावर न थांबता काय चांगले केले ते सांगावे: ‘उदाहरण चुकल्यावर तू दुसऱ्या रीतीने करून पाहिलंस.’ गुणपत्रक हातात आले की ‘किती मिळाले?’ नंतर ‘कुठे अडलं?’ हेही विचारावे. भावंडांची तुलना पाहुण्यांसमोर करू नये, मुलगा-मुलगी ही तर मुळीच नाही. आणि नापास झालेल्या मुलाचा निर्णय एका निकालावर करू नये. बोर्डाची पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते. तेवढे दिवस एखादा शिकलेला चुलतभाऊ किंवा शेजारची ताई रोज तासभर सोबत बसली तरी त्या मुलाला मदत मिळाली असे म्हणता येईल.

पैशाअभावी एखाद्या मुलीला पुढे शिकवता येत नसेल, तर तिला तेच कारण सांगावे. ‘बेटा, आत्ता ऐपत नाही’ हे ऐकून ती रडेल, पण उद्या संधी आली तर पुस्तक उघडेल. ‘तुला डोकंच नाही’ असे अम्मी-अब्बूंच्या तोंडून ऐकलेली मुलगी संधी समोर आली तरी हात पुढे करायला कचरेल.