तिखाडीचं तेल चोळायचं, प्यायचं नाही

पांढरकवड्यात माझं मेडिकल आहे. कापसाची वेचणी लागली की काउंटरवर दोन मागण्या वाढतात: कंबरदुखीची गोळी आणि पोटातल्या आगीची गोळी. पुष्कळदा दोन्ही मागणारी बाई एकच असते. मग हळूच प्रश्न येतो, "भाऊ, तिखाडीचं तेल पोटात घेतलं तर अल्सर बरा होते म्हन्तात, खरं हाय काय?"

तिखाडी म्हणजे रोशा गवत. आपल्याकडच्या माळांवर आणि सागाच्या विरळ जंगलात ते आपसूक येतं. पावसाळा सरताना तुरे धरले की कापायचं. भट्टी नाल्याकाठी लावतात, कारण वाफ थंड करायला पाणी लागतं. डेगीत गवत दाबून भरायचं, खाली जाळ करायचा. नळीतून आलेली वाफ निवते आणि भांड्यातल्या पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. 100 किलो गवताला अर्धा किलो तेल पडलं तरी खूप झालं. पूर्वी खानदेश-निमाडचं हे तेल मुंबईहून तुर्कस्तानला जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. कारण त्यात साधारण 75 ते 85 टक्के जिरॅनिऑल असतं, आणि गुलाबाच्या सुगंधातही तेच आहे.

औषधी गुणही मुख्यतः याच जिरॅनिऑलचे. सूज वाढवणारी रसायनं ते कमी करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याने उंदरांच्या जठराचं अस्तर जखमांपासून वाचवलं. हुरूप यावा अशीच ही गोष्ट आहे. पण तिथे जिरॅनिऑल मोजूनमापून दिलं होतं. माणसाच्या अल्सरसाठी त्याचा डोस ठरलेला नाही. भट्टीचं निव्वळ तेल प्यायलं तर तोंड, घसा, पोट सगळ्यांची आग होते. लहान मुलांना तर ते फारच धोक्याचं.

शिवाय अल्सरचं मूळ बहुधा दोन ठिकाणी सापडतं. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्याच्या शोधासाठी 2005 चं नोबेल मिळालं. तो अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या पूर्ण कोर्सने जातो. दुसरं, दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या. शरीरातलं जे रसायन सूज आणतं, तेच जठराचं अस्तरही जपतं. गोळी ते बंद पाडते. कंबरदुखी थांबते, पण पोट उघडं पडतं. उपाशीपोटी, रोज, किराणा दुकानातून घेतलेली गोळी म्हणूनच महागात पडते.

तेलाची खरी जागा इथे आहे. चमचाभर तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब घालून आधी हातावर थोडं लावून पाहावं. खाज-पुरळ आली नाही तर गुडघ्या-कंबरेला चोळावं. त्याने बरं वाटून एक गोळी टळली, तर पोटाचं तेवढंच भलं. मात्र शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर तेल, गोळी सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.