तेल्याची वर्दी झाडाला कोण देतं?

चिंचोळी एमआयडीसी सोडून सोलापूरकडे निघालं की केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र लागतं. आपल्या डाळिंबाचा मोठा वैरी तेल्या. हा रोग बुरशीचा नव्हे, जिवाणूचा. पानावरच्या बारीक छिद्रांतून, जखमांतून तो आत शिरतो.

शेतकरी बंधूंनो, शत्रू आला हे झाडाला कळतं कसं? पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर प्रथिनांचे राखणदार असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला जिवाणूचा अंश लागला की आतलं टोक वर्दी देतं. काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियम वाढतं नि झाड प्रतिकाराला लागतं.

मोहरीच्या कुळात ईएफआर नावाचा असा राखणदार आहे, टोमॅटोत नाही. इंग्लंडातल्या सेन्सबरी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली त्याचं जनुक टोमॅटोत घातलं, तेव्हा जिवाणूजन्य मर रोगाला टोमॅटो चांगला टिकला. त्याच वर्षी इतर संशोधकांनी एका रिसेप्टरचं बाहेरचं टोक दुसऱ्याच्या आतल्या टोकाला जोडलं. कलमच म्हणा की! कोणतं टोक काय करतं, हे जिवंत पानातच तपासता आलं.

मात्र 'तेल्या न येणारं जनुकाचं रोप' म्हणून कोणी काही विकायला आला, तर पैसे देऊ नका. जनुक बदललेल्या डाळिंबाला देशात परवानगी नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही हे चावडीवर सांगावं. रोपं रोगमुक्त बागेतलीच घ्या, रोगट फळं-फांद्या बागेबाहेर नेऊन जाळा. छाटणीची टोळी दुसऱ्या बागेतून आली असेल, तर आधी तिच्या कात्र्या निर्जंतुक करून घ्या.