शाळेची खोली बांधतं कोण, आणि तपासतं कोण?



खेड तालुक्यातलं महाळुंगे म्हणजे चाकण औद्योगिक पट्ट्यातलं गाव. इथले कितीतरी पालक कंपनीत कामाला जातात. बाहेरून आलेला सुटा भाग न तपासता लाइनवर घेता का, असं त्यांना विचारा. उत्तर ठरलेलं आहे. मग मुलांच्या डोक्यावरचा स्लॅब आपण न तपासता कसा घेतो?

हा प्रश्न उगाच नाही. ऑगस्ट 2017 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडी इथं जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन विद्यार्थी दगावले.

काम कसं चालतं?

1. अभियंता शासकीय दरसूचीवरून अंदाजपत्रक करतो.
2. प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे काम करायचं ठरलं. तांत्रिक मान्यता मिळते, म्हणजे आराखडा आणि आकडे तपासले.
3. निविदा निघते. पात्र ठेकेदारांपैकी सहसा सर्वांत कमी दरवाल्याला कार्यादेश मिळतो.
4. झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत नोंदवून बिल निघतं.
5. पुढे दोषदायित्व कालावधी असतो. त्यात गळती निघाली, तडा गेला, तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची. त्यासाठीच त्याची अनामत अडकवून ठेवलेली असते.

पाचवी पायरी बहुतेक शाळांना माहीतच नसते. मुदत संपते, अनामत परत जाते आणि मग आपण गळतीसाठी अर्ज करत बसतो!

सुधारणा कुठे हवी?

पहिली गोष्ट कायद्याची. तामिळनाडूनं 1998 मध्ये, कर्नाटकानं 1999 मध्ये आणि राजस्थाननं 2012 मध्ये सार्वजनिक खरेदीचा स्वतंत्र कायदा केला. केंद्राचं 2012 चं विधेयक मात्र मंजूर झालं नाही. आपल्याकडे कारभार मुख्यतः शासन निर्णय आणि नियमावल्यांवर चालतो. शासन निर्णय खातं बदलू शकतं, कायदा विधिमंडळातच बदलावा लागतो. शिवाय कायद्यानं अपिलाचा हक्क मिळतो.

दुसरी गोष्ट दराची. स्वस्त ते चांगलंच असं नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या 2021 च्या सूचनांनी काही कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट मोकळी केली. शाळा-अंगणवाडीच्या कामांत हा विचार व्हायला हवा.

तिसरी गोष्ट आपली. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. मग शेवटचं बिल निघण्याआधी समितीचा पाहणी अहवाल सक्तीचा का नसावा? समिती अभियंता नाही, हे खरं. पण पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते, हे तिलाच आधी कळतं.

आज काय करता येईल?

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये कागद मागण्याबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. पुढच्या समिती सभेत एवढंच करा: कार्यादेशाची प्रत मागवा आणि दोषदायित्वाची शेवटची तारीख मुख्याध्यापकांच्या खोलीत फळ्यावर लिहून ठेवा. त्या तारखेआधी एक पावसाळा सगळ्यांनी मिळून छताकडे बघा.