घरच्या कारखान्यासाठी पॅनेल सॉ : आधी खोली मोजा, मग यंत्र पाहा

वारणानगर, कोडोली आणि आसपासच्या गावांत नवी घरे उभी राहत आहेत आणि प्रत्येक घराला कपाट, किचन ट्रॉली, टी.व्ही. युनिट हवे आहे. हे काम आता सागवानाचे राहिलेले नाही. ते प्लायवूड, एम.डी.एफ. आणि लॅमिनेट लावलेल्या बोर्डाचे झाले आहे. अशा बोर्डाला रंधा मारून चूक झाकता येत नाही. काप सरळ आणि बिनटवक्याचा आला तरच माल गिऱ्हाईक घेते. म्हणून घराशेजारच्या खोलीत काम करणारे अनेक कारागीर बंधू आज सरकत्या टेबलाचा पॅनेल सॉ घेण्याचा विचार करीत आहेत. घरची जमापुंजी यात जाते, तेव्हा सौदा करण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

यंत्राचे मर्म काय?

साध्या गोल करवतीत आपण लाकूड टेबलावरून ढकलतो. पॅनेल सॉमध्ये बोर्ड टेबलावर स्थिर राहतो आणि बोर्डासह टेबलच ब्लेडशेजारून सरकते. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ या सुतारकाम जाणणाऱ्या माणसाने १९०६ साली ही रचना काढली. आजची सर्व यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

दुसरे मर्म म्हणजे मुख्य ब्लेडच्या पुढे असलेले छोटे स्कोअरिंग ब्लेड. मुख्य ब्लेडचे दात वरून खाली उतरतात, त्यामुळे बोर्डाच्या खालच्या बाजूचे लॅमिनेट उखडते. स्कोअरिंग ब्लेड उलट्या दिशेने फिरून खालून एक-दोन मिलिमीटर खोल खाच आधीच पाडते, म्हणून टवके उडत नाहीत. मात्र दोन्ही ब्लेडची जाडी आणि रेषा तंतोतंत जुळली पाहिजे. आपले काम लॅमिनेट बोर्डाचे असेल तर स्कोअरिंग नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

जागेचा हिशोब

कॅटलॉगमध्ये यंत्राची लांबी दिलेली असते, पण यंत्र चालताना लागणारी जागा त्याच्या दुप्पट असते. प्लायवूडचे पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांचे. ते उभे चिरायचे तर ब्लेडच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळे हवेत. माणसाला उभे राहायला धरून खोली १९-२० फूट लांब हवी. ३२०० मिलिमीटरचे, म्हणजे साडेदहा फुटांचे टेबल असेल तर २२-२३ फुटांखाली भागत नाही. रुंदीलाही १२-१३ फूट लागतात.

आपली खोली १२ बाय १४ फुटांची असेल तर मोठे यंत्र आत बसेल, पण काम करता येणार नाही. अशा ठिकाणी १६०० मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच फूट टेबलाचे यंत्र योग्य. पूर्ण शीट प्लायवूडच्या दुकानातच चिरून आणावे किंवा अंगणात पट्टीच्या आधाराने हातकरवतीने थोडे जास्त माप ठेवून कापावे. नंतर यंत्रावर नेमके माप काढावे. कपाटाचे बहुतेक तुकडे या टेबलावर बसतात.

विजेचा प्रश्न

मोठ्या यंत्राला पाच ते साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आणि स्कोअरिंगची वेगळी मोटर असते. त्याला थ्री फेज जोडणीच लागते. तीन हॉर्सपॉवरपर्यंतची लहान यंत्रे सिंगल फेजवर मिळतात, पण सुरू होताना ती बराच जास्त प्रवाह ओढतात. मंजूर भार किती आणि धंद्यासाठी कोणती जोडणी लागेल, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारावे, मगच बयाणा द्यावा. थ्री फेज जोडल्यावर ब्लेड योग्य दिशेने फिरते की नाही हे बोर्ड लावण्यापूर्वी पाहावे. दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते.

पैसे देण्यापूर्वी परीक्षा

कापड घेताना आपण ठाण उलगडून पाहतो, तसे यंत्रही चालवूनच पाहावे. दोन फुटी चौकोनी एम.डी.एफ.चा तुकडा सोबत न्यावा. एक बाजू कापावी. ताजी कापलेली बाजू आधारपट्टीला लावून दुसरी कापावी. अशा चारही बाजू झाल्यावर पहिली बाजू पुन्हा कापून इंचभर पट्टी काढावी. या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजावी. जो फरक येईल तो काटकोनातील चुकीच्या चौपट असतो. म्हणजे टोकांत एक मिलिमीटर फरक असेल तर दोन फुटांत पाव मिलिमीटर चूक. गुण्या लावून जी चूक दिसत नाही ती येथे उघडी पडते. आधारपट्टी फिरवून ही चूक काढता येते. पण टेबल सरकताना अडखळत असेल किंवा शेवटच्या टोकाला खाली झुकत असेल तर सौदा सोडावा.

जुने यंत्र घेताना शाफ्ट हाताने हलवून पाहावा. बेअरिंग, पट्टा, पुली या गोष्टी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतात किंवा करून घेता येतात. सरकत्या टेबलाची झिजलेली पट्टी मात्र सहजासहजी दुरुस्त होत नाही.

जीव आणि बोटे

३०० मिलिमीटरचे ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेते तेव्हा दाताचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर असतो. ब्लेडच्या मागची उभी सुरी आणि वरचे आवरण काढून काम करू नये. सुरी नसेल तर काप मिटून ब्लेड बोर्ड अंगावर फेकते. भुसा ओढणारे यंत्र त्याच वेळी घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या भुशाची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे. घरालगत काम असेल तर हा भुसा मुलाबाळांच्याही श्वासात जातो.

परवडते का?

आपल्या भागात उसाचे बिल हाती आले की कपड्यांची आणि फर्निचरचीही खरेदी होते. बाकीचे महिने हात आखडलेला असतो. हप्ता मात्र दरमहा येतो. म्हणून वर्षात किती शीट कापतो आणि बाहेर कापून घेण्यास किती मजुरी देतो, याची आधी वही घालावी. वर्षाच्या मजुरीतून मंदीच्या महिन्यांचेही हप्ते, वीज आणि ब्लेडला धार लावण्याचा खर्च निघत असेल तरच यंत्र घ्यावे. निघत नसेल तर आणखी काही काळ दुकानातून कापून घेणे शहाणपणाचे. शेजाऱ्याने मोठे यंत्र आणले म्हणून आपणही आणावे, असे करू नये. खोली, वीज आणि वही या तिघांनी होकार दिला तरच बयाणा द्यावा, आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.